पाया झाकण्याआधी

टिचकीसाहेब चहाचा कप तोंडाला लावण्याआधी त्याला नखाने टिचकी मारत. कप खणकन वाजला तर चहा प्यायचा. बद्द वाजला तर हॉटेलवाल्याला हाक मारायची, "याला तडा आहे. दिसत नाही, पण आहे. बदला." शिरूरच्या एसटी स्टँडसमोरचा हॉटेलवाला कप उजेडात धरून, फिरवून बघायचा आणि मुकाट्याने दुसरा आणायचा. विटा, फरश्या, सिमेंटचे पाईप, दाराची फळी, बाजारातलं कलिंगड, कशालाही ते टिचकी मारल्याशिवाय सोडत नसत. आमच्या एका सहकाऱ्याच्या लग्नात त्यांनी आहेरात आलेल्या हंड्याला टिचकी मारली, तेव्हा नवऱ्या मुलाच्या वडिलांनी हात जोडले, "साहेब, तेवढा सोडा. व्याह्यांनी दिलाय."

त्यांचं खरं नाव आपल्या अभियंता संघटनेच्या जुन्या इतिवृत्तात आहे. त्या नावापुढे मी काय लिहून ठेवलं, ते पुढे येईलच. इथे मी त्यांना टिचकीसाहेबच म्हणतो. जे त्यांच्या हाताखाली होते, ते त्यांना याच नावाने ओळखतील.

ही सवय वडिलांकडून आली, असं ते सांगत. वडील दौंडला रेल्वेत की-मॅन होते. रोज सकाळी खांद्यावर हातोडा घेऊन काही मैल रूळ चालत जायचं, रूळ घट्ट धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या ठोकायच्या आणि कान देऊन ऐकायचं. घट्ट चावी एक बोलते, सैल चावी दुसरं. सुट्टीच्या दिवशी साहेब लहानपणी त्यांच्यामागून चालत जात. वडिलांचं एक वाक्य ते आम्हाला नेहमी ऐकवायचे, "गाडीत बसलेल्याला आपलं नाव ठाऊक नसतं. पण तो गाडीत बसलाय, हे आपल्याला ठाऊक पाहिजे." रेल्वे कॉलनीच्या पलीकडच्या भीमनगरातून इंजिनिअर झालेले ते पहिलेच. हे मात्र ते कधी सांगत नसत. आम्हाला ते दुसऱ्यांकडून कळलं.

मी कनिष्ठ अभियंता म्हणून शिरूरला त्यांच्या हाताखाली आलो, तेव्हा ते उपअभियंता होते. पहिल्याच आठवड्यात एका शाळेच्या खोल्यांसाठी भट्टीवरून विटांचा ट्रक आला. साहेबांनी दोन विटा हातात घेऊन एकमेकींवर आपटल्या. बद्द आवाज. पुन्हा दोन. पुन्हा बद्द. "परत न्या," ते म्हणाले. ठेकेदार हसला, "सायेब, वीट हाय ती, तबला न्हाई. वाजली न्हाई म्हनून काय झालं?" साहेबही हसले. "तबला फुटला तर गाणं थांबतं. ही फुटली तर छत पोरांच्या डोक्यावर येतं. न्या परत." ट्रक परत गेला. ठेकेदार महिनाभर आमच्याशी बोलला नाही. नंतर त्याने स्वतःच्या घराला मात्र वाजणाऱ्या विटा लावल्या आणि साहेबांना वास्तुशांतीला बोलावलं.

माणसांच्या बाबतीत त्यांचं धोरण नेमकं उलटं होतं. "विटेला वाजवून घ्यायचं," ते म्हणत. "माणसाला विचारायचं, आणि तो सांगेल ते धरून चालायचं. माणसालाही वाजवून घेत बसलो तर कामं व्हायची कधी?" तेव्हा मला हा त्यांचा भोळेपणा वाटायचा. पुढे त्या भोळेपणाचा फायदा घेणारा मीच निघालो.

आता संघटनेविषयी. तुमच्यापैकी अनेकांना ती आज शिरूरच्या हमरस्त्यावरच्या हॉलपासून माहीत आहे. सुरुवात झाली ती बाजारपेठेतल्या एका हार्डवेअरच्या दुकानावरच्या खोलीत. शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या वेगवेगळ्या खात्यांचे आम्ही वीस-पंचवीस अभियंते महिन्यातून एका रविवारी तिथे जमत असू. बदल्या, बढत्या, ज्येष्ठता यादी, हेच विषय. अध्यक्ष व्हायला टिचकीसाहेब आधी तयार नव्हते. तयार झाले ते दोन अटींवर. पहिली, संघटना रविवारची. सोमवार ते शनिवार आपण सरकारचे. दुसरी अट ऐकून आम्ही एकमेकांकडे बघतच राहिलो. दर बैठकीचा पहिला अर्धा तास कुणीतरी उभं राहून आपली स्वतःची, कामावर झालेली एक चूक सांगायची. तो झाल्याशिवाय बदलीचा विषय काढायचा नाही.

आम्ही त्याला 'चुकीचा अर्धा तास' म्हणू लागलो. सुरुवातीला कुणी उठेना. मग साहेबांनीच पहिली चूक सांगितली. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांनी एका दवाखान्याचा जिना असा बसवला होता की वरच्या पायरीवर माणसाचं डोकं तुळईला लागायचं. "उद्घाटनाला पाहुण्यांनाच लागलं," ते म्हणाले, "आणि त्यांना टाका घालायला डॉक्टर तिथेच होते, एवढंच बरं." हशा पिकला आणि भीड मोडली. मग एकाने कबूल केलं की त्याने पाण्याची टाकी बांधली ती गावापेक्षा खालच्या अंगाला. गावकरी तिला 'उलटी विहीर' म्हणायचे. आम्ही पोट धरून हसलो. साहेबांनी हात वर केला. "हसा, पण लिहून घ्या. बाहेरच्याने दाखवली की तिची चौकशी होते. आपण सांगितली की तिचा धडा होतो."

लिहून घेणारा मी होतो. मी संघटनेचा चिटणीस. साहेब मला नावाने नव्हे, 'चिटणीस' म्हणूनच हाक मारत. फिरती पाळी माझ्यापर्यंत आली की मी म्हणायचो, "साहेब, मी लिहितोय ना." ते म्हणायचे, "लिहिणाऱ्याचंही चुकतं, चिटणीस." सगळे हसायचे आणि पाळी पुढे जायची. चार वर्षांत माझ्या हाताने त्या वहीत चाळीसेक चुका लिहिल्या गेल्या. त्यांत माझी एकही नव्हती.

संघटनेचं काम मला आवडायचं. खरं सांगायचं तर साइटपेक्षा जास्त आवडायचं. पत्रकं, ठराव, पाहुण्यांना निमंत्रण, खुर्च्यांची रांग. त्या वर्षी जिल्ह्याचं अधिवेशन आपल्याकडे होतं. त्याच दिवसांत, शिरूर आणि दौंडच्या मधल्या एका गावाजवळ, ओढ्यावरच्या एका छोट्या पुलाचं काम माझ्याकडे होतं. मधल्या खांबाचा पाया खणत होते. पाया कठीण खडकापर्यंत न्यायचा, खडक लागला की तो डोळ्यांनी बघायचा, मोजायचा, मोजमाप पुस्तकात लिहायचा, आणि मगच काँक्रीट ओतायचं. एकदा ओतलं की खाली काय आहे ते कुणालाच दिसत नाही. म्हणून झाकलं जाणारं काम झाकण्याआधी बघायचं, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम.

मी साइटवर गेलो तेव्हा खड्ड्यात पाणी झिरपत होतं. मुकादम म्हणाला, "सायेब, सांजच्याला खडक लागतोय बगा. आत्ताच कुदळ वाजाय लागलीय. उद्या तुम्ही या, मंग वतू." दुसऱ्या दिवशी मला पुण्याला छापखान्यात जायचं होतं, अधिवेशनाच्या पत्रिका आणायला. तो बुधवार, म्हणजे सरकारचा दिवस. मी म्हणालो, "खडक लागला की ओता. पाणी भरायच्या आत." मुकादमाने माझ्याकडे बघितलं. "तुमी न्हाई येणार?" "मी बघितल्यासारखंच आहे," मी म्हणालो.

पत्रिका झकास छापल्या होत्या. गुरुवारी सकाळी त्यांचा गठ्ठा स्कूटरला तसाच बांधलेला ठेवून मी साइटवर आलो. काँक्रीट ओतून झालं होतं. मोजमाप पुस्तकात मी नकाशातली खोली लिहिली, 'कठीण खडक' लिहिलं आणि सही केली. तासाभरात साहेबांची जीप आली. ते त्या दिवशी खड्डा तपासायलाच आले होते. झाकलेला पाया बघून ते थबकले.

"तुम्ही उभे होता, चिटणीस?"

"हो, साहेब."

"खडक लागला?"

"हो. पूर्ण."

त्यांनी काँक्रीटकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुम्ही उभे होता म्हणजे झालं," ते म्हणाले आणि माझ्या सहीखाली, तपासणीच्या रकान्यात, त्यांनी सही केली.

पुढच्या वर्षी भाद्रपदात ओढ्याला लोंढा आला आणि मधला खांब खचला. पायाखाली खडक नव्हता, मऊ मुरूम होता, तोही अपुऱ्या खोलीवर. पूल एका बाजूला कलला आणि दुधाचा एक टेम्पो ओढ्यात गेला. ड्रायव्हर वाचला, पण त्याचा पाय मांडीत मोडला. तो पाय पुढे कायमचा आखूड राहिला. शिरूरच्या दवाखान्यात साहेब त्याला भेटायला गेले तेव्हा मी बरोबर होतो. मी दारातच उभा राहिलो. ड्रायव्हर म्हणाला, "सायेब, पुलाचं काय न्हाई. माजंच नशीब फुटकं." साहेब त्याच्या खाटेशेजारी बसले. "नशिबाचं नाव घेऊ नका," ते म्हणाले. "पूल आमचा होता."

चौकशी लागली. मी रोज वाट बघत होतो की साहेब सांगतील, चिटणिसांनी मला असं असं सांगितलं. त्यांनी सांगितलं असतं तर मी नाकारलं असतं का, हे आजही मला ठाऊक नाही. पण त्यांनी लेखी खुलाशात तीन वाक्यं लिहिली. पाया झाकण्यापूर्वी मी पाहणी केली नाही. तरीही तपासणीची सही केली. जबाबदारी माझी आहे. मला फक्त एक ज्ञापन, म्हणजे लेखी समज, मिळालं. साहेब निलंबित झाले, पुढे त्यांची बढती कायमची गेली आणि बदली विदर्भात झाली.

बदलीआधी संघटनेच्या कार्यकारिणीची बैठक झाली. साहेब नव्हते, त्यांना बोलावलंच नव्हतं. कुणी म्हणालं, आपल्या अध्यक्षांच्या मागे उभं राहायला हवं. दुसरं कुणी म्हणालं, त्यांनीच कबूल केल्यावर आपण काय करणार, उगाच सगळ्यांवर शिंतोडे. बहुतेक जण आम्ही बागाईतदार घरांतले, एकमेकांच्या पाहुण्यारावळ्यांतले. त्या खोलीत कुणी जातीचा शब्द काढला नाही. काढायची गरज नव्हती. एरवी आमच्यातल्या कुणासाठी ज्या सहजपणे मोर्चा निघाला असता, तो त्यांच्यासाठी निघाला नाही, इतकंच. शेवटी ठरलं की अध्यक्षांनी राजीनामा दिला असं लिहावं, म्हणजे दोन्ही बाजूंनी बरं. त्यांनी राजीनामा दिलेला नव्हता. सगळे माझ्याकडे बघत होते. पाया झाकला तेव्हा मी तिथे नव्हतो, हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं. मी पेन उघडलं आणि लिहिलं, 'पुलाच्या कामातील हलगर्जीपणाची नैतिक जबाबदारी स्वीकारून मा. अध्यक्षांनी राजीनामा सादर केला. तो एकमताने स्वीकारण्यात आला.' माझं अक्षर चांगलं आहे. ते पान आजही स्वच्छ दिसतं.

पुढच्या रविवारी साहेब आले. मागच्या रांगेत, साध्या सभासदासारखे बसले. चुकीचा अर्धा तास सुरू झाला आणि कुणी उठायच्या आत ते उभे राहिले.

"माझी चूक सांगतो," ते म्हणाले. "झाकलेल्या कामावर मी ऐकून सही केली. तुम्ही करू नका. काँक्रीट फोडून बघावं लागलं तरी चालेल."

एकाने विचारलं, "कुणाचं ऐकून, साहेब?"

"सही माझी आहे," ते म्हणाले. "सांगणाऱ्याची नाही."

आणि ते बसले. मी मान खाली घालून त्यांची चूक त्या वहीत उतरवून घेतली. चहाला ते थांबले नाहीत. त्यानंतर संघटनेच्या पायऱ्या ते कधीच चढले नाहीत. दोन-तीन बैठकांनी चुकीचा अर्धा तासही बंद पडला. वेळ वाचतो, असं सगळ्यांचं मत पडलं.

निवृत्तीनंतर ते दौंडला राहायला आले. मी शिरूरला होतो. एसटीने दोन तासांचा रस्ता. तो ओलांडायला मला अकरा वर्षं लागली. पहिल्यांदा गेलो, चहा प्यालो, गुडघेदुखीवर बोललो आणि परत आलो. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा साहेबांची दृष्टी बरीच गेली होती. खिडकीशी बसून ते यार्डातून जाणाऱ्या गाड्या आवाजावरून ओळखत होते. मी बसलो आणि न थांबता सगळं सांगून टाकलं. बुधवार, छापखाना, मुकादम, सगळं.

ते खिडकीकडून माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "स्कूटरला पत्रिकांचा गठ्ठा होता तुमच्या. पुण्याच्या छापखान्याचा कागद होता वर. पूल खचला त्या रात्री आठवलं मला."

"मग तुम्ही बोलला का नाही, साहेब?"

"बोलून काय? दोघंही बुडालो असतो. आणि तुम्ही खोटं बोललात म्हणून माझं न बघणं हे बघणं ठरलं नसतं." मग म्हणाले, "मी संत नाही, चिटणीस. पूल खचल्यावर दोन वर्षं आमच्या घरात तुमचं नाव काढायची बंदी होती. विचारा बाईंना."

बाई म्हणजे त्यांची पत्नी, निवृत्त शिक्षिका. त्या दारातच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "फार वर्षं लावलीत तुम्ही यायला. शिरूरहून गाड्या तर रोज आहेत." त्यांनी चहा मात्र ठेवला.

मी म्हणालो, "साहेब, मला माफ करा."

"मला सांगून काय उपयोग?" ते म्हणाले. "मला ठाऊकच होतं. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगा. माझं नाव धुवायला नको. नोकरीला नवीन पोरं लागतायत, त्यांच्यासाठी सांगा."

पुढच्या वार्षिक सभेत सांगतो, असा शब्द देऊन मी निघालो. पुढची सभा आली तेव्हा माझा गुडघा दुखत होता. त्याच्या पुढच्या सभेला पाहुणे आले होते. मग दौंडहून फोन आला की साहेब गेले. मी अंत्यविधीला गेलो. बाईंनी मला ओळखलं आणि त्यांनी एकच गोष्ट विचारली, "सांगितलंत का?" मी नाही म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि त्या आत गेल्या.

यंदा संघटनेच्या सध्याच्या चिटणिसांचा फोन आला. स्मरणिका काढतोय, आप्पा, सुरुवातीच्या दिवसांवर दोन पानं लिहा. मी म्हणालो, लिहितो, पण आधी मला वार्षिक सभेत दहा मिनिटं द्या.

गेल्या महिन्यात ती सभा झाली. हॉल भरलेला. बहुतेक चेहरे मला अनोळखी. काही जण टॅबवर काहीतरी बघत होते. मी उभा राहिलो आणि इथे लिहिलं ते सगळं सांगितलं. खाली बसण्याआधी मी विनंती केली की राजीनाम्याची जुनी नोंद खोटी आहे, अशी दुरुस्ती या सभेने करावी.

पहिल्या रांगेतून माझ्याच वयाचा एक जुना सभासद उठला. "आप्पा, जाऊ द्या की आता. माणूस गेला. त्याला काय फरक पडतोय?"

"त्यांना नाही पडत," मी म्हणालो. "पण त्यांनी राजीनामा दिला नव्हता, हे तुम्हालाही माहितीय. अनुमोदक तुम्हीच होता."

तो खाली बसला. चिटणिसांनी ठराव मांडला. हात वर झाले. त्या जुन्या सभासदाचा हात सगळ्यात शेवटी वर गेला, पण गेला. संध्याकाळी मी बाईंना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "बरं केलंत," एवढंच म्हणाल्या आणि फोन ठेवला. यापेक्षा जास्त काही ऐकण्याचा माझा हक्कही नव्हता.

एक गोष्ट मात्र बाईंना सांगायची राहिली. सभेनंतर जेवणाच्या रांगेत एक मुलगी माझ्याजवळ आली. नोकरीला लागून तिला सहा महिने झाले होते. नेमणूक दौंडकडे, एका पाणीयोजनेच्या कामावर. हातात ताट धरून ती म्हणाली, "सर, एक विचारू? त्या दिवशी साहेबांना तुम्ही 'मी नव्हतो' म्हणाला असता, तर काय झालं असतं?"

"रागावले असते. मग काँक्रीट फोडायला लावलं असतं. खडकापर्यंत खणून पुन्हा ओतायचं."

"किती दिवस गेले असते?"

मी विचार केला. इतक्या वर्षांत हा हिशेब मी एकदाही करून पाहिला नव्हता.

"आठ," मी म्हणालो. "मध्ये पाऊस आला असता तर नऊ."

तिने ताट टेबलाच्या कडेवर ठेवलं, पर्समधून फोन काढला आणि भिंतीकडे तोंड करून बोलू लागली, "हां, दादा, उद्या सकाळचं काँक्रीट थांबवा. नाही, फोटो नका पाठवू, मी येते. आल्यावर बघू. मग थांबू दे की मिक्सरची गाडी!"